द्राक्षावरच्या डाऊनीचं पोस्टर करायचंय, फोटो आणि ग्राफ कसे करावेत?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी ॲग्रीला आहे, विषय द्राक्षावरचा डाऊनी (केवडा रोग), परिषदेत पोस्टर लावायचंय आणि तिथं शास्त्रज्ञांबरोबर शेतकरीही येणार, तर फोटो-ग्राफ कसे करू. मी सांगलीत शेतीचे फोटो आणि पोस्टरचं डिझाईन करतो, त्यावरून सांगतो.

आधी फोटोतून नेमकं काय दिसलं पाहिजे ते ठरवा. डाऊनी म्हणजे पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी, ही जोडी दिसली तरच ओळख पटते, नुसता वरून काढलेला फोटो लावला तर तासगावचा बागायतदार म्हणणार हे दुसरं कायबी असेल की. म्हणून एकच पान, दोन्ही बाजू, शेजारी शेजारी. वरचा डाग दाखवायचा तर पान उजेडासमोर धरा, मागून प्रकाश आला की डाग उठून दिसतो. खालच्या बुरशीला मात्र बाजूनं तिरपा उजेड पाहिजे, समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. आणि जायचं सकाळी सकाळी, दमट रात्रीनंतर, कारण ही बुरशी रात्रीच्या ओलाव्यात वर येते. बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी झाली असेल तर त्याचे निळसर डाग फोटोत गोंधळ घालतात, ते पान सोडा. (हे बोर्डो मिश्रण १८८५ च्या आसपास फ्रान्समध्ये डाऊनीसाठीच पुढं आलं, आपल्याकडं अजून चालूच आहे.)

फोनमधला रंग खुलवणारा एआय मोड बंद करा, तो हिरवं जास्त हिरवं करतो आणि तुमचा पिवळा डागच फिका पडतो. पानाच्या पातळीत छोटी मोजपट्टी ठेवा, म्हणजे डाग केवढा ते कळतं. मायक्रोस्कोपच्या फोटोवर '४०० पट' लिहू नका, फ्लेक्सवर फोटो मोठा झाला की तो आकडा खोटा ठरतो, त्यापेक्षा इमेजजे या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्केल बार (लांबी दाखवणारी रेघ) टाका, तो फोटोबरोबरच मोठा होतो. ब्राइटनेस वाढवायचा तर पूर्ण फोटोचा, आणि तुलनेतल्या सगळ्या फोटोंना सारखाच. नको असलेला डाग पुसला तर ते संशोधन राहत नाही.

आता ग्राफ. पावसाळ्यात सांगलीत 'आयर्विनला किती?' एवढंच विचारतात, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे सगळ्यांना पाठ, त्यामुळं ४३ म्हटलं की पुढं सांगायची गरजच नाही. तुमच्या ग्राफमध्येपण तशी एक रेघ पाहिजे, म्हणजे फवारणी न केलेल्या प्लॉटवर रोग किती होता ती आडवी रेघ मारा आणि बाकीचे बार तिच्या खाली किती उतरले ते दिसू द्या. बार शून्यापासूनच सुरू करा, ६० पासून केले तर बारीक फरकपण डोंगराएवढा दिसतो. थ्रीडी पाय चार्ट तर नकोच. लाल-हिरवी जोडी टाळा, युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ तल्या एकाला हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत, आपल्याकडंही असे लोक आहेतच, निळा आणि नारिंगी घ्या.

ग्राफ पीडीएफमध्येच ठेवा, स्क्रीनशॉट काढून चिकटवला की फ्लेक्सवर फुटतो. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसते पाठवले की ते दाबून बारीक करतं आणि मग फ्लेक्सवाल्याशी उगाच भांडण.