‘विनावॉरंट झडती’ म्हणजे बेकायदा झडती का?

विट्याच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे: “आमच्या गल्लीत पोलिसांनी एका घराची विनावॉरंट झडती घेतली. विनावॉरंट म्हणजे बेकायदाच, असं सगळे म्हणतात. शब्दाचा अर्थ तसा होतो का? आणि झडती व धाड एकच का?”

ताई, तसा अर्थ होत नाही. पण तसं वाटतं ते ‘विना’मुळे. हा शब्द आपल्याला रोज भेटतो तो एसटीतल्या ‘विनातिकीट’मध्ये नाहीतर ‘विनापरवाना’ बांधकामात, आणि दोन्हीकडे पुढे दंड ठरलेला. म्हणून कानाला ‘विना’ म्हटलं की गुन्ह्याचा वास येतो. विनाविलंब, विनाअट, विनामूल्य यांत मात्र तो फक्त अभाव सांगतो. ‘विनावॉरंट’ याच दुसऱ्या पंगतीतला.

वॉरंट नसलं तरी झडतीला कायद्याचा आधार असू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६५) तेच सांगतं. समजा, मिरजेतल्या एका दुकानातून तंबोरा चोरीला गेला. तो ठाण्याच्या हद्दीतल्याच एका घरात आहे आणि रात्रीच्या गाडीनं बाहेर जाणार, असं तपास अधिकाऱ्याला समजलं. वॉरंट आणेपर्यंत तंबोरा हातचा जाईल. अशा वेळी तो वॉरंटशिवाय आत जाऊ शकतो. पण तसं मानायला सबळ कारण हवं, आणि ते कारण व शोधायची वस्तू आधी कागदावर लिहायला हवी. नुसता ‘संशय आला’ पुरत नाही. झडतीचं चित्रीकरण करायचं आणि त्या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या. घरमालकानं किंवा तिथं राहणाऱ्यानं अर्ज केला, तर त्यालाही प्रत मिळते, तीही विनामूल्य! म्हणजे विनावॉरंट असली तरी विनाकागद नाही. तुमच्या गल्लीत हे कागद झाले की नाही, हे विचारण्याचा हक्क त्या घराला आहे. झडती कायदेशीर की बेकायदा, हे त्यावरून पाहायचं, ‘विना’वरून नव्हे.

आता धाड. ती अचानक येते, म्हणून ती पडते किंवा टाकली जाते, छापाही तसाच. दोन्ही शब्द येण्याची रीत सांगतात. आल्यावर जे करतात ती झडती. माणसाचा मात्र ‘शोध’ घेतात. ‘माणसाची झडती’ म्हटलं की त्याचे खिसे तपासले. पोलिसी मराठीत ती अंगझडती, घराची ती घरझडती.

झडतीचं मूळ झडणे-झाडणे. कपडा झाडला की दडलेलं खाली पडतं. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला जुनी माणसं ‘झाडा घेतला’ असंही म्हणतात. मला या शब्दात सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची क्रियापदं. धाड कुणी ‘देत’ नाही. झडती एक जण घेतो आणि दुसरा देतो. कायद्यातही तसंच आहे. बंद जागेच्या ताबेदारानं आत येऊ द्यायचं; पोलिसांनी त्या भागातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे, घरच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचं, आणि जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत त्याच्या हाती ठेवायची. पेशवाईतल्या हिशेबी कागदांनाही ‘झडती’ म्हणत. घरातून काय काय नेलं त्याची ती सहीची यादी म्हणजे हिशेबच की. म्हणून त्या घरच्यांना सांगा, आधी ती यादी मागून घ्या.