आईच्या फॅमिली पेन्शनमधून जादा गेलेली रक्कम कापतायत, त्यात मायक्रोफायनान्सवाले दारात येतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, ते गेल्यावर आईंना फॅमिली पेन्शन लागली. आता बँकेचं पत्र आलं की काही वर्षं जास्त पैसे जमा झाले, चार लाखांच्या वर परत द्यायचेत. पेन्शन निम्म्यावर आली, त्यामुळे गटातून काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले आणि वसुलीची पोरं कोरेगावच्या घरी येऊन बसतात.

मी बँकेत पेन्शनच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. अपशिंग्यासारखी फौजी गावं असलेला आपला सातारा जिल्हा, त्यामुळे असली पत्रं घेऊन माणसं अजूनही माझ्याकडे येतात. बहुतेक घरांत एकच होतं. जो मोठ्यानं बोलतो त्याच्या हातावर पैसे ठेवले जातात आणि जो गुपचूप कापतो त्याला कुणी काही विचारत नाही. तुम्ही उलटं करा. दारातल्या पोराचं कर्ज खरंच घेतलेलं आहे, ते कधीतरी फेडावं लागणार. वाद घालण्यासारखं काही असेल तर ते त्या गुपचूप होणाऱ्या कपातीत आहे.

आधी जादा पैसे गेले कसे ते बघा. निवृत्त माणूस वारला की घरच्यांना सात वर्षं, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो. त्यानंतर पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येते. समजा पगार ४०,००० होता आणि वाढीव दर ५० टक्के, तर २०,००० वरून १२,००० झाले पाहिजेत. ही तारीख कुणी कॉम्प्युटरला घातली नाही तर महिन्याला ८,००० आणि त्यावरची महागाई जादा जात राहते. पाच वर्षांत पावणेपाच लाख सहज होतात. दर कधी उतरायचा ती तारीख पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, छापलेली असते. पासबुकावर अंगठा किंवा सही करणाऱ्या बाईला ती कुणी वाचून दाखवत नाही. म्हणजे यात आईंनी काही लपवलेलं नाही. हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ च्या निकालात सांगितलंय की कर्मचाऱ्याचा दोष नसताना चुकून जास्त गेलेले पैसे काही परिस्थितींत परत घेता येत नाहीत. माणूस निवृत्त झालेला असेल, किंवा वसुलीचा आदेश निघण्याआधी पाच वर्षांहून जास्त काळ ते पैसे जात असतील, तर या गोष्टी त्यात येतात. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतल्या एका निवृत्त वृद्धाच्या पेन्शनमधली बँकेची कपात बेकायदा ठरवली होती. पण हुरळून जाऊ नका. जादा रक्कम आली तर परत देईन, असं हमीपत्र लिहून दिलेलं असेल तर वसुली होऊ शकते, हेही सर्वोच्च न्यायालयानेच २०१६ मध्ये म्हटलंय. आणि पेन्शन खातं उघडताना असं हमीपत्र बँका सर्रास घेतात. म्हणून शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्यात मागा: महिनावार हिशेब, कपातीचा आदेश, आईंनी सही केलेल्या हमीपत्राची प्रत. निकाल लागेपर्यंत कपात थांबवा, निदान कमी करा, हेही लिहा. घरखर्च आणि औषधांची बिलं जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. साहेब गोड बोलतात, 'बघतो' म्हणतात. पोच मात्र मागावीच लागते.

कपात नक्की कोण करतंय तेही विचारा. सैन्याच्या पेन्शनी आता 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन यंत्रणेवर गेल्यात, तिथून कापत असतील तर अर्ज प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातो. साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यासाठीच आहे, आईंना घेऊन जा. कोर्टाची वेळ आली तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे महिलांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. फोन १५१००.

आता दारातली पोरं. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घालून दिले: सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, धमकी नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. वसुली ठरलेल्या जागीच व्हायची. तिथे लागोपाठ दोनदा गेलं नाही तरच ते घरी येऊ शकतात. म्हणून आईंना सेंटर मीटिंग, म्हणजे गटाची हप्ते भरायची बैठक, टाळू देऊ नका. पैसे नसले तरी जाऊन बसायचं आणि 'पेन्शन कापली, एवढेच देऊ शकते' असं सांगून पावती घ्यायची. गटातल्या बायका टोमणे मारतील, ते कर्जापेक्षा जड जातं हे मला माहीत आहे. कंपनीला लेखी कळवा, तक्रारही लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. 'पोलीस उचलून नेतील' हे नुसतं भेडसावणं आहे, हप्ता थकणं म्हणजे गुन्हा नव्हे. फक्त चेक दिला असेल किंवा खात्यातून आपोआप हप्ता कापायला सही दिली असेल, तर तो परत गेल्यावर वेगळी केस होऊ शकते. त्याची नोटीस आली की पेटीत टाकून देऊ नका.

आणखी कुठल्या पतसंस्थेचं कर्ज असेल तर तिथे हा लोकपाल चालत नाही. तो कारभार सहकार खात्याचा. सहकार कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस आली तर तारखेला सहायक निबंधकांपुढे हजर राहा, नाहीतर वसुली दाखला एकतर्फी निघतो.

एक चूक मात्र करू नका: एका कंपनीचं भागवायला दुसरीकडून उचलणं. सोनं गहाण ठेवून पेन्शनची वसुली एकरकमी भरायला तर अजिबात जाऊ नका, निदान तो हिशेब हातात येईपर्यंत.

पीपीओवरची तारीख, कपात कुठल्या महिन्यापासून आहे आणि पत्रावर सही कुणाची आहे, एवढं लिहून टाका. अर्जाचा मसुदा मी करून देतो.