इतिहास आधी, खुरपी नंतर, लिपी मात्र लगेच

बार्शीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला इतिहास व पुरातत्त्व दोन्ही शिकायचं आहे. त्या विचारतात: दोन्ही विषय एकत्र घेता येतात का, विज्ञान सोडणं शहाणपणाचं आहे का, आणि पुढे पोटापाण्याचं काय?

ताई, नमस्कार.

दोन्ही विषय एकत्र शिकता येतात, पण पदवीच्या पातळीवर तशी सोय थोड्याच ठिकाणी आहे. मुंबईत सेंट झेवियर्स आणि साठ्ये महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय बी.ए.ला आहे. राज्याबाहेर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि बनारस हिंदू विद्यापीठ ही जुनी, भरवशाची नावं. तुमच्या भागात मात्र बहुतेक महाविद्यालयांत इतिहास मिळेल, पुरातत्त्व मिळणार नाही. त्यासाठी अडून बसू नका. बी.ए. इतिहासात करून एम.ए. पुरातत्त्वात करणं हा रस्ता मला जास्त पक्का वाटतो. एम.ए.साठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे (प्रवेश परीक्षा असते, पदवी कोणत्याही शाखेची चालते) आणि नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे.

बी.ए. इतिहासातच कशाला, तर शाळेत शिक्षक व्हायचं झालं तर बी.एड.ला आणि भरतीला पदवीचा विषय बघतात. नेट परीक्षेतही (महाविद्यालयात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) इतिहास आणि पुरातत्त्व हे दोन वेगळे विषय आहेत. महाविद्यालयांत जागा निघतात त्या मुख्यत्वे इतिहासाच्या. एम.ए. पुरातत्त्वात आणि अर्ज इतिहासाच्या जागेसाठी, असं झालं की छाननीत 'संबंधित विषय' या शब्दांवरून वाद होतात. म्हणून जाहिरातीतली पात्रतेची ओळ आधी वाचावी, मग फी भरावी. काहीजण पुरातत्त्वानंतर इतिहासाचं एम.ए. दूरशिक्षणाने करून हा प्रश्न मिटवतात.

बारावी विज्ञान वाया जाईल, ही भीती काढून टाका. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरण्याच्या काळातल्या) लोकांनी अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. ते जव पिकवत होते, पाण्यासाठी पाट काढत होते आणि पुढच्या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, हे सगळं कळलं ते जळके दाणे, हाडं आणि घरांच्या जमिनी यांवरून. अशा कामाला वनस्पती, प्राणी, माती ओळखणारा माणूस लागतो. भूशास्त्र किंवा वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. करूनही ती पुरातत्त्वाच्या एम.ए.ला जाऊ शकते. फक्त तेव्हा शाळेत इतिहास शिकवण्याचा पर्याय जवळपास बंद होतो, एवढं धरून चाला.

आता दोन्ही विषय मिळून काय साधतं, ते एका उदाहरणात पाहा. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. आपल्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरात हा शत्रूचा राजवंश निर्वंश केला असं ती सांगते. आईने मुलाचं कौतुक करावं, त्यात नवल नाही; इतिहासाचा विद्यार्थी इथे थबकतो. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांवर साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने स्वतःची छाप पुन्हा मारलेली होती. नीट पाहिलं तर नव्या छापेखाली नहपानाच्या चेहऱ्याची कड दिसते. मोठेपणाचा दावा लेखात आहे, त्याची साक्ष नाण्यात आहे, आणि ती पटवायला ब्राह्मी, म्हणजे त्या काळची लिपी, वाचता यायला हवी.

म्हणून माझा आग्रह लिपीचा आहे. ब्राह्मी तिने आत्तापासून सुरू करावी. रोज अर्धा तास दिला तर अक्षरं काही आठवड्यांत बसतात, प्राकृत आणि संस्कृतला वर्षं जातात. मराठा काळाकडे ओढा असेल तर मोडी, आणि पुढे जमल्यास फारसी. एम.ए.ला पोचल्यावर भाषा सुरू करणारी मुलं खापरांमध्येच अडकून राहतात.

प्रत्यक्ष खोदकाम चित्रपटात दाखवतात तसं नसतं. पाच बाय पाच मीटरचा ट्रेंच, म्हणजे खणायचा चौकोन, आखतात, दोन शेजारच्या ट्रेंचच्या मधली मातीची भिंत न खणता ठेवतात, कारण थरांचा क्रम त्या भिंतीच्या उभ्या छेदात वाचायचा असतो. खुरपीने एकेक थर काढायचा, माती चाळायची. खापरं थरानुसार वेगळ्या पिशवीत, आणि चिठ्ठीवर स्थळ, ट्रेंच, थर, किती खोल, तारीख. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते: मधे उंदराचं बीळ किंवा नंतर खणलेला खड्डा असतो, तो ओळखला नाही की वरच्या काळातलं खापर खालच्या पिशवीत जातं आणि त्या थराचा काळच चुकतो. चिठ्ठी हरवलेलं खापर कितीही सुंदर असलं तरी अभ्यासाला जवळपास निरुपयोगी. दिवसभर उन्हात, संध्याकाळी खापरं धुऊन नोंदी, असे आठवडेच्या आठवडे. हे तिला झेपेल का, हे तिनेच ठरवू दे.

तुमच्याजवळच तेर हे प्राचीन गाव आहे. एखाद्या रविवारी तिथलं लामतुरे संग्रहालय दाखवा. हस्तिदंती मूर्तीसमोर सगळेच थांबतात. ती मणी आणि भाजक्या मातीच्या तुकड्यांपुढे किती वेळ रेंगाळते, ते बघा.

नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर कायमच्या जागा कमी आणि अनियमित निघतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वरच्या पदांची भरती यूपीएससीमार्फत होते. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयातील सहायक संचालकाची जागा एमपीएससीकडून. सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडाला संस्था आहे. तिथली दोन वर्षांची पदविका एम.ए.नंतर करता येते आणि विद्यावेतन मिळतं. मधली वर्षं प्रकल्पांवरच्या कंत्राटी कामावर काढावी लागतात, त्याची तयारी ठेवा. संग्रहालयाकडे जायचं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पदविका चांगली आहे. यूपीएससीला इतिहास वैकल्पिक घेतला तर अभ्यासक्रमाची सुरुवातच पुरातत्त्वीय साधनांपासून होते, म्हणजे तोही अभ्यास वाया जात नाही.

निकाल लागला की बी.ए.चा अर्ज भरताना मुख्य विषय इतिहास घ्या आणि गौण विषयात संस्कृत किंवा पाली मिळते का, हे महाविद्यालयात आधी विचारा. घराजवळच्या महाविद्यालयात दोन्हींपैकी काहीच नसेल, तर पुण्याला किंवा मुंबईला पाठवण्याचा खर्च मला सार्थ वाटतो. एरवी तो खर्च एम.ए.साठी राखून ठेवा.