टोरंटोला येण्याआधी परवान्याचं बघ

बीई सिव्हिल झालं की आपल्याकडे घरापासून साइटपर्यंत सगळे इंजिनिअरच म्हणतात. इथे कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात हे बिरुद कायद्याने राखीव आहे. 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑंटारिओ' या संस्थेचा परवाना मिळेपर्यंत व्हिजिटिंग कार्डावर किंवा लिंक्डइनवर 'सिव्हिल इंजिनिअर' लिहू नकोस. 'डिझायनर' लिही, 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' लिही. नोकरी परवान्याशिवायही करता येते, फक्त कामाची जबाबदारी घेणारा परवानाधारक तुझ्या वर असावा लागतो.

परवान्यासाठी अनुभव चार वर्षांचा लागतो. पूर्वी त्यातलं एक वर्ष कॅनडातलंच हवं असायचं. मे २०२३ मध्ये ऑंटारिओने ती अट काढली, आणि हे फार चांगलं झालं. म्हणजे तुझं पुण्यातलं काम मोजलं जाईल, पण ते दाखवता आलं पाहिजे. आपली बरीच हुशार मुलं नेमकी इथे अडतात, कारण नोंदीच नसतात. आजपासून लिहून ठेव: कुठल्या फुटिंगचं (पायाचं) डिझाइन तू केलंस, काय तपासलंस, कुठला निर्णय तुझा होता आणि का. 'आमच्या टीमने केलं' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. साहेब नोकरी बदलण्याआधी त्यांचा खासगी ईमेल घेऊन ठेव. तुझ्या कामाची खात्री त्यांनाच द्यायची आहे.

कायदा आणि व्यावसायिक नीतीवर एनपीपीई ही परीक्षा असते, तिला हलक्यात घेऊ नकोस. प्रत्येक प्रांताची संस्था वेगळी. क्वेबेकचा विचार असेल तर फ्रेंच शिकावंच लागेल.

ट्रान्सक्रिप्टचा (अधिकृत गुणपत्रकाचा) अर्ज मात्र विद्यापीठात याच आठवड्यात टाक. इथून त्याचा पाठपुरावा करणं फार जड जातं.