‘ज्युनिअर’ म्हणजे अज्ञान नव्हे

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या ताई, तुमच्यासारखी पत्रं मला दर हिवाळ्यात येतात. मुलगा ज्युनिअर आइस हॉकीत संघाचा ठरलेला मारकुटा, म्हणजे एनफोर्सर. बर्फावर मारामारी झाली, डोकं आपटलं, आता डोकं दुखतं, विसरायला होतं, कॉलेज अर्धवट राहिलंय. आणि प्रश्नही सगळ्यांचा एकच: त्याने सही केलेला वेव्हर, म्हणजे ‘इजा झाली तरी दावा करणार नाही’ असा कागद, आड येईल का?

येईलही, न येईलही. कागद वाचल्याशिवाय सांगत नाही. पण तुमचा दावा त्या कागदावर अडलेला नाही. तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात: ‘मारामारी १४ नोव्हेंबरची, पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. लीगची चौकशी चालू आहे, ती संपली की वकील बघू. तो ज्युनिअरच तर आहे.’ सगळं तिथे अडलंय.

ज्युनिअर हा खेळातला गट आहे, त्यात विशीतली मुलंही खेळतात. तुमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १८ पूर्ण झाली की माणूस सज्ञान, आणि त्या रात्री तुमचा मुलगा १८ वर्षं ४ महिन्यांचा होता. अज्ञान असता तर हिशेब वेगळा झाला असता. आता २००२ चा लिमिटेशन्स अ‍ॅक्ट, म्हणजे दाव्यांच्या मुदतीचा कायदा, सरळ लागतो: नुकसान कळल्यापासून दोन वर्षं. कधी कळलं? कलम ५(२) म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत घटनेच्या दिवशीच कळलं असं धरायचं.

तुम्ही म्हणाल, कन्कशनचं, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला झालेल्या इजेचं, निदान मार्चमध्ये झालं, तिथून मोजा. तसा युक्तिवाद करता येतो, पण सिद्ध करायचं ओझं तुमच्या मुलावर. बसमध्ये त्याला उलट्या झाल्या हे तुम्हीच लिहिलंय, समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवेल. आणि फॅमिली डॉक्टरकडे जायला चार महिने का लागले? ‘ट्रेनर म्हणाला ठीक आहे.’ हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं, ताई. मार्चची तारीख उशीर झालाच तर भांडायला ठेवा. मुदत १४ नोव्हेंबरच धरा.

लीगच्या चौकशीने घड्याळ थांबत नाही. मुदत वाढवायची तर समोरच्यांशी तसा लेखी करार हवा. ‘आम्ही लक्ष घालतोय’ असा ईमेल म्हणजे करार नव्हे. वेळ कमी असेल तर वकील आधी नोटीस ऑफ अ‍ॅक्शन, म्हणजे दाव्याची थोडक्यात सूचना, कोर्टात दाखल करतो, त्यानंतर सविस्तर दाव्याला ३० दिवस मिळतात.

दावा कोणावर? समोरच्या पोराच्या मागे लागू नका. ग्लोव्ह्ज दोघांनीही टाकले होते, म्हणजे हॉकीच्या रिवाजाप्रमाणे मारामारीला संमती. तिलाही मर्यादा असते, १९९१ च्या जॉबिडन निकालात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ती घातली आहे. पण तो फौजदारी खटला होता आणि मारामारी बारबाहेरची, त्यावर फार भिस्त नको. खांद्यावर थाप मारून त्याला पाठवलं कोणी आणि दोनच दिवसांनी पुन्हा बर्फावर उतरवलं कोणी, हे मी आधी बघेन. खेळातल्या कन्कशनबद्दलचा ऑन्टॅरिओचा २०१८ चा कायदा, रोवन्स लॉ, त्यामागचं तत्त्व हेच: कन्कशनचा संशय आला की खेळाडू बाहेर, वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. तुमच्या लीगला तो कसा लागतो ते तपासावं लागेल. पण ‘धोका कोणाला ठाऊक होता’ हा बचाव अवघड आहे. ओएचएलने, म्हणजे ऑन्टॅरिओच्या ज्युनिअर हॉकी लीगने, २०१६ मध्येच तीन मारामाऱ्यांच्या पुढे निलंबन आणलं आणि क्यूबेकच्या लीगमध्ये २०२३ पासून मारामारी केली की सामन्याबाहेर.

कोर्टाकडून घाईची अपेक्षा मात्र ठेवू नका. एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमधल्या स्टीव्ह मूरला समोरच्या संघातल्या बर्टुझीने मारलं मार्च २००४ मध्ये, मूरच्या दाव्यात तडजोड झाली २०१४ मध्ये, तीही सुनावणी उभी राहण्याआधी. घाई फक्त आपण करायची असते.

फोन बदलताना कोचचे मेसेज गेले म्हणता. निदान सामन्याचं चित्रण पुसू नका, असं क्लबला आजच लेखी कळवा. आणि वकिलाला फोन मुलाने करायचा, तुम्ही नाही. दावा त्याचा आहे, सहीही त्याचीच लागेल.