अंग गार केलं म्हणून न्यूमोनिया झाला का?

प्रश्न : डॉक्टर, बाबांचं हार्ट बंद पडलेलं, सीपीआरने परत सुरू झालं, मग आयसीयूत एक दिवस अंग गार करून ठेवलं आणि नंतर न्यूमोनिया निघाला. गार केल्यामुळेच झाला का हो?

उत्तर : थोडाफार हात असू शकतो, पण सगळा दोष गारव्याचा नाही. रक्तपुरवठा थांबून परत सुरू झाला की अख्ख्या शरीरात सूज भडकते, इन्फेक्शन नसतानाही सेप्सिससारखं (इन्फेक्शनमुळे अख्खं शरीर बिघडतं, तसं) चित्र दिसतं, आणि त्याच वेळी जंतूंशी लढणाऱ्या पेशी मात्र ढेपाळतात, त्यात गारव्याने त्या अजून मंदावतात. शिवाय बेशुद्धीत थुंकी फुफ्फुसात जाते, व्हेंटिलेटरची नळी असते, ते वेगळंच. आणि गार केलेल्या पेशंटला ताप येत नाही, म्हणजे इन्फेक्शन लपून राहतं (हे नातेवाइकांना कुणी सांगतच नाही!).

मेंदू वाचावा म्हणून २००२ पासून ३२-३४ डिग्री सेल्सिअसपर्यंत गार करायचे. २०२१ च्या मोठ्या टीटीएम-२ ट्रायलमध्ये (अशाच पेशंटवरच्या अभ्यासात) मात्र ३३ डिग्री आणि नुसता ताप येऊ न देणं, यात सहा महिन्यांनी जगण्यात फरक दिसला नाही. त्यामुळे आता बरेच जण ताप रोखण्यावरच भर देतात.