विमान घसरलं की कोसळलं?

प्रश्न असा: कोझिकोडच्या २०२० सालच्या विमान अपघाताबद्दल कुठे 'धावपट्टीवरून घसरलं' असं वाचायला मिळतं, कुठे 'कोसळलं'. यातलं बरोबर कुठलं? आणि 'खराब हवामानामुळे' असं लिहिणं योग्य का?

'कोसळणं' आधी उरकून टाकू. पाऊस कोसळतो, दरड कोसळते, सरकारही कोसळतं. आधार सुटला की वरचं खाली येतं. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून आलेलं ते बोइंग ७३७ आकाशातून खाली आलेलं नव्हतं. करिपूरच्या, म्हणजे कोझिकोड विमानतळाच्या, धावपट्टीवर त्याची चाकं टेकली, ते पळालं, टोक ओलांडलं आणि मग साधारण ३५ मीटर खाली जाऊन त्याचे तुकडे झाले. १९० जणांपैकी २१ गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. शेवटच्या त्या क्षणापुरतं 'कोसळलं' म्हणा, हरकत नाही. सबंध अपघाताला म्हणू नका.

माझा खरा राग 'घसरलं'वर आहे. विमान धावपट्टीच्या बाजूला गेलं, घसरलं. पुढे गेलं, घसरलं. १ जुलै २०१९ ला मुंबईत जयपूरहून आलेलं विमान मुसळधार पावसात धावपट्टी संपल्यावर पुढे जाऊन मातीत रुतलं, तेही घसरलंच! चांगला 'रुतणं' हा शब्द हाताशी असताना.

आता गंमत बघा. ज्या 'घसरण्या'त आपल्याला पकड सुटल्याचा भास होतो, त्याचं मूळ माझ्या मते 'घर्ष'मध्ये आहे. म्हणजे घासणं! 'घासणं' घर्षावरून आलं याबद्दल वाद नाही. त्याच घरात 'घसट' आहे (दोघांची फार घसट आहे, म्हणजे अंगाला अंग घासेल इतकी जवळीक), 'घासाघीस' आहे, आणि हिशेबनीसांचा 'घसारा' आहे: यंत्र वापरून झिजलं की दरवर्षी किंमत कमी धरायची तो. घसरगुंडीवर दिवसभर खेळलेल्या पोराच्या चड्डीचं बूड बघा, विरून जाळी झालेली असते. घसरणं म्हणजे घासत जाणंच. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याचं लक्ष वेगाकडे नव्हतं, खरचटण्याकडे होतं, अशी माझी खात्री आहे.

काही संस्कृतप्रेमी मंडळी 'घसरणं'मध्ये 'सृ' शोधतात, सरणं या अर्थी. ठीक. मग पुढे तो 'घ' कोणी आणून चिकटवला, हे त्यांनी सांगावं. 'उपसर्ग असेल' हे उत्तर मला पुरत नाही. 'घ' नावाचा उपसर्ग कोणत्या व्याकरणात आहे?

करिपूरला नेमकं हे घासणंच कमी पडलं. धावपट्टी सुमारे २,७०० मीटर. विमानाची चाकं टेकली ती जवळजवळ १,३५० मीटर आत, म्हणजे निम्मी पट्टी पोटाखालून गेल्यावर. पहिला प्रयत्न पूर्वेकडून, वाऱ्याला तोंड देऊन झाला होता. तो सोडून दिला. दुसऱ्यांदा विमान पश्चिमेकडून आलं, आणि ऑगस्टातला वारा तर पश्चिमेचाच! पाठीमागून चौदा नॉट्सच्या (ताशी सुमारे २६ किलोमीटरच्या) आसपास रेटा, खाली ओली पट्टी, आणि मुख्य वैमानिकाच्या बाजूचा काचेवरचा वायपर नीट न चालणारा. ते वैमानिक आपल्या नागपूरचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. टेकण्याच्या जरा आधी सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटलं होतं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. विमान उतरलंच.

पुढे डोंगरमाथा सपाट करून केलेल्या पट्टीचं टोक. त्याला सगळे 'टेबलटॉप' म्हणतात. कोकणातला माणूस अशा माथ्यावरच्या सपाटीला सडा म्हणतो. रत्नागिरीकरांना विचारा, एका शब्दात काम होतं.

हां, हवामान राहिलं. 'मान' म्हणजे माप: तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान. 'विमान'मध्येही हाच 'मा' धातू बसलेला आहे, मापून आखलेलं ते विमान. तेव्हा माप कसं खराब होईल, असा खडा पूर्वी मीही टाकत असे. पण 'हवामान' आता हवेच्या अवस्थेसाठी इतकं रुळलं आहे की तो हट्ट धरण्यात अर्थ नाही. 'हवा वाईट होती' म्हणा, जास्त मराठी वाटेल. माझी अडचण 'मुळे'ची आहे. अपघात तपास विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्याने संभाव्य कारण म्हणून पावसाला पुढे केलं नाही. ठरलेली कार्यपद्धती न पाळणं, अस्थिर अवस्थेतलं उतरणं रेटणं, टेकण्याच्या जागेच्या फार पुढे टेकणं आणि सहवैमानिकाने ताबा न घेणं, हे त्याने मांडलं. मंगळुरूला २२ मे २०१० रोजी अशीच पट्टी ओलांडून विमान खाली गेलं, १५८ माणसं मेली, आणि तेव्हा असा पाऊस नव्हता. 'खराब हवामानात' लिहा. ते खरं आहे. 'हवामानामुळे' लिहिलंत की वाक्यातली सगळी माणसं निर्दोष सुटतात.

मथळ्यात जागा नसते ही सबब नको. 'विमान धावपट्टी ओलांडून दरीत': चार शब्द, आणि क्रियापदाचा वाद मिटला.